बागेची फाईल: आपल्या भागातल्या उद्यानावर आणि मैदानावर लक्ष कसं ठेवायचं

आमच्या बागेतला एक झोपाळा आठ महिने एकाच साखळीवर लटकत होता. महापालिकेच्या ॲपवर तीन वेळा तक्रार केली. तिन्ही वेळा चार-पाच दिवसांत 'निराकरण झाले' असा संदेश आला आणि झोपाळा होता तसाच राहिला. चौथ्या वेळी तक्रार केली नाही. खेळण्यांच्या खरेदीची फाईल बघायला मागितली. तिच्या कार्यादेशात, म्हणजे वर्क ऑर्डरमध्ये, एक ओळ सापडली: पुरवठादाराने बसवल्या तारखेपासून तीन वर्षं दुरुस्ती विनामूल्य करायची. महापालिकेचा एक रुपयाही लागणार नव्हता, आणि ही ओळ बागेच्या निरीक्षकांनाही माहीत नव्हती, कारण खरेदी त्यांच्या आधीच्या साहेबांच्या काळातली. अटीचा क्रमांक घालून एका पानाचं पत्र दिलं. अकराव्या दिवशी वेल्डिंगवाला हजर.

तेव्हापासून बाग बघायची माझी पद्धत बदलली. बाग आपल्याला दिसते जागेवर, पण ती कशी राहणार हे ठरतं फायलीत. कागद आणि जागा शेजारी-शेजारी धरून बघणं, एवढंच हे काम आहे. ते कुणालाही जमतं. फक्त क्रम चुकवायचा नाही. माझ्या शहराचं नाव मुद्दाम घेत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिकांत हाच क्रम चालतो.

पहिलं काम: जागा कोणाची?

फलकावर 'महानगरपालिका उद्यान' लिहिलेलं असलं म्हणजे जागा महापालिकेची झाली असं नाही. चार शक्यता असतात. विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षित होऊन रीतसर ताब्यात आलेली जागा, ही सगळ्यात भक्कम. आरक्षित आहे पण ताबा अजून मूळ मालकाकडे, ही दुसरी. लेआउट मंजूर करताना सोडायला लावलेली खुली जागा, ही तिसरी. आणि रस्त्याकडेचा, नाल्याकडेचा किंवा दुसऱ्याच सरकारी खात्याचा तुकडा, ज्यावर कुणीतरी उत्साहाने झाडं लावून बाक टाकलेत, ही चौथी.

यासाठी नगररचना विभागात जाऊन सर्व्हे नंबर किंवा सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागायचा. नकाशावर आरक्षणाचा क्रमांक असतो, तो वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पत्रात तो लागतो. सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढली की मालकाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते कळतं.

जागा दुसऱ्या प्रकारातली निघाली तर झोपाळ्याची काळजी बाजूला ठेवा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा संपादित झाली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे जागा मोकळी. अशा कित्येक जागा कुणी विकल्या नाहीत की लाटल्या नाहीत. नोटीस टेबलावर पडून राहिली आणि मुदत संपली, इतकंच. म्हणून नगररचना विभागाला एकच प्रश्न विचारायचा: या आरक्षणावर कलम १२७ ची नोटीस आली आहे का, आली असल्यास कोणत्या तारखेला?

आरक्षण बदलण्याचा दुसरा रस्ता याच नगररचना कायद्याच्या कलम ३७ चा. त्यात सूचना प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, तीही अशा बारीक टायपात की चष्मा पुसून वाचावी लागते. हरकत लिहिताना 'आम्हाला बाग हवी' एवढंच लिहू नका. आरक्षण क्रमांक, क्षेत्रफळ, जवळची दुसरी बाग किती लांब आहे, हे लिहा. बळ हवं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा हा निकाल आहे. तिथे उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि न्यायालयाने ते वाटप टिकू दिलं नाही. रुग्णालय चांगलंच असतं, पण ते बागेच्या जागेवर नको.

कोणाच्या टेबलावर काय असतं

बागेत उभं राहून दिसणाऱ्या दहा गोष्टी पाच खात्यांच्या असतात. हिरवळ, फुलझाडं, माळी आणि बिगारी हे उद्यान विभागाचे; तिथला आपला माणूस म्हणजे उद्यान निरीक्षक, त्याच्यावर उद्यान अधीक्षक. सीमाभिंत, पेव्हिंग ब्लॉक आणि स्वच्छतागृह बहुधा स्थापत्य किंवा भवन विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याकडे. दिवे विद्युत विभागाचे. गेटबाहेरच्या गाड्या अतिक्रमण विभागाच्या. पाणी आणखी तिसऱ्याचंच. 'बाग अंधारी आहे' अशी तक्रार उद्यान विभागाकडे केली तर ती प्रामाणिकपणे बंद होते, कारण दिवा त्यांचा नसतो.

कायद्यातली एक गोष्ट इथेच सांगतो, म्हणजे अपेक्षा कुठे ठेवायची ते कळेल. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत जे १८ विषय नागरी संस्थांसाठी ठेवले, त्यांत उद्यानं आणि क्रीडांगणं आहेत. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये बंधनकारक कामांची यादी कलम ६३ मध्ये आहे आणि बागा, मैदानं येतात कलम ६६ च्या ऐच्छिक यादीत. पाणी, कचरा, सांडपाणी आधी, बाग मग. हात आखडता घ्यायची वेळ आली की बागेची तरतूद पहिली कापली जाते, त्यामागे हे आहे. (मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे, तिथली कलमं वेगळी.)

पैसा कोणत्या खिशातून

महापालिकेच्या अंदाजपत्रकात दोन बाजू असतात, महसुली आणि भांडवली. नवं कारंजं, नवी ओपन जिम, नवी कमान हा भांडवली खर्च. माळ्याचा पगार, खत, पाइप, झोपाळ्याची साखळी हा महसुली. नगरसेवकांना, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही, भांडवली खर्च आवडतो, कारण त्यावर 'संकल्पना : मा. नगरसेवक' अशी पाटी लागते. साखळीवर पाटी लागत नाही. आमच्याकडे सहा बाकांना सहा सौजन्याच्या पाट्या आहेत आणि बागेला मिळून चालू नळ एक.

म्हणून अंदाजपत्रक उघडलं की आपल्या बागेच्या नावासमोर, किंवा प्रभागाच्या एकत्रित तरतुदीत, देखभालीचा आकडा आणि नव्या कामाचा आकडा वेगळे काढा. देखभालीची तरतूद नसताना कारंजं मंजूर होत असेल तर दोन वर्षांत तिथे डासांची टाकी होणार, हे ज्योतिषाला विचारायला नको. शेवटच्या तिमाहीत 'वर्गीकरण' या शब्दावर नजर ठेवा. एका कामाची न वापरलेली तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. बागेचे पैसे याच दाराने रस्त्याच्या काँक्रिटीकरणाला जातात, आणि क्वचित उलटही होतं.

पुण्यात २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सहभागाची पद्धत आहे. प्रभागातली छोटी कामं नागरिक अर्जावर सुचवतात आणि क्षेत्रीय कार्यालय ती पुढे पाठवतं. आपल्या शहरात असं काही असेल तर अर्जाची मुदत पावसाळ्याच्या शेवटाकडे शोधा. जानेवारीत जाग आली तर उशीर झालेला असतो. आणि अर्जात 'बाग सुशोभीकरण' लिहू नका. त्या शब्दात काहीही बसतं. 'पूर्वेकडील गेटला व्हीलचेअरसाठी उतार, रुंदी अमुक' असं लिहा.

फाईल मागायची कशी

सगळ्यात सोपी वाट फार कमी लोक वापरतात. २०१८ च्या शासन निर्णयानुसार महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघता येतात. जायचं, विषय सांगायचा, बसून वाचायचं. पहिल्या सोमवारी फाईल 'साहेबांच्या सहीसाठी गेलेली' असते. दुसऱ्या सोमवारी बहुतेक वेळा मिळते.

प्रती हव्या असतील तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला तरी घाबरू नका. पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. माझा नेहमीचा मजकूर असा असतो:

'विषय : अमुक उद्यान, आरक्षण क्र. अमुक, वार्षिक देखभाल ठेका. १) कार्यादेश व निविदेतील कामाच्या व्याप्तीची प्रत. २) एप्रिल ते सप्टेंबर या काळातील अदा केलेली देयके व त्यासोबतची मोजमाप पुस्तकातील पाने. ३) ठेकेदाराने सादर केलेला मजूर हजेरीपट. ४) कराराच्या अटींनुसार आकारलेल्या दंडाची तारीखनिहाय नोंद.'

यात 'का' हा शब्द नाही. 'हिरवळ का वाळली?' असं विचारलं की 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं उत्तर येतं, आणि एक महिना गेला. कायद्याने नोंद मिळते, खुलासा मिळत नाही. नोंद हातात आली की खुलासा आपल्याला दिसतोच.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. माझा अनुभव असा, की निम्म्या फायली अपिलाची सुनावणी लागली की तिच्या आदल्या दिवशी सापडतात. तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, पण तिथली रांग लांब असते. तोवर बाग थांबत नाही.

याच कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये एक हक्क दडलेला आहे: चालू कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा. नव्या फरसबंदीखाली वाळूचा थर किती आहे, भरावाला लाल माती आणली की राडारोडा, हे काम चालू असताना बघता येतं. झाकल्यावर फक्त कागद उरतो.

आता टेप घेऊन बागेत

हाच भाग मला सगळ्यात आवडतो. शनिवारी सकाळी सातला आम्ही चौघं जातो: एक निवृत्त ओव्हरसिअर काका, एक शाळेतल्या बाई, मी, आणि टेपचं दुसरं टोक धरायला कुणाचा तरी मुलगा.

मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे 'एमबी' म्हणतात, त्यात काम लांबी, रुंदी, उंचीत लिहिलेलं असतं. जॉगिंग ट्रॅक किती मीटर लांब, किती रुंद. ते पान उघडायचं आणि मोजायचं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा आमचा ट्रॅक एमबीपेक्षा चौदा मीटरने कमी भरला. आम्ही जवळजवळ विजयी मुद्रेने बाहेर पडत होतो. काका म्हणाले, 'थांब रे. वळणावर आतल्या कडेने मोजलंस. मधून मोज.' मधून मोजलं, फरक दोन मीटरवर आला. ते पत्र गेलं असतं तर पुढची दहा खरी पत्रं कुणी वाचली नसती. मोजमाप दोनदा करायचं, शक्य असेल तर कनिष्ठ अभियंत्यालाच बोलावून त्याच्यासमोर.

खरी तफावत निघाली ती मात्र माणसांत. करारात रोज चार माणसं. हजेरीपटावर चार सह्या, सगळ्या एकाच वळणाच्या. बागेत एक माळी आणि कधीमधी त्याची बायको. आम्ही महिनाभर आलटूनपालटून सकाळी साडेसात आणि दुपारी चार अशा दोन वेळा किती माणसं दिसली ते फक्त लिहून ठेवलं. तारीख, वेळ, आकडा. फोटोत माणसांचे चेहरे घेतले नाहीत. यात माळ्याची नोकरी जाऊ द्यायची नाही, हे आधी ठरवा. तो चौघांचं काम करतो आणि एकाचा पगार, तोही कापून, घेतो. त्याला आपण साक्षीदार केलं की ठेकेदार दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्या बागेत पाठवतो. म्हणून पत्रात त्याचं नाव, त्याचं बोलणं काही नको. 'निविदेप्रमाणे ४, पाहणीत सरासरी १, सोबत तक्ता' इतकंच. वर एक ओळ: भविष्य निर्वाह निधी किती कामगारांच्या नावे भरला त्याची चलनं पडताळावीत. त्या ओळीने जे झालं ते तक्त्याने झालं नसतं. पुढचं देयक अडकलं, आणि महिन्याभरात बागेत तीन माणसं दिसू लागली. चौथा अजून दिसायचा आहे.

खेळण्यांकडे बघताना रंगाकडे बघू नका. नटबोल्ट, वेल्डिंगचे सांधे, घसरगुंडीच्या तळाशी पत्र्याची कडा, आणि झोपाळ्याखाली काय आहे ते बघा. काँक्रीट असेल तर तेवढ्यासाठी वेगळं पत्र द्या, कारण ते पडलेल्या पोराचं डोकं आहे.

कार्यक्रम, वर्ग आणि बंद दारं

विरंगुळा केंद्र, योगवर्ग, उन्हाळी शिबिर, व्यायामशाळा, जलतरण तलाव, समाजमंदिर: इमारत महापालिकेची, चालवणारा दुसराच. भाडेपट्टा महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ च्या चौकटीत, महापालिकेच्या मिळकत वाटपाच्या नियमांप्रमाणे झालेला असतो. करारात शुल्क, सवलती, वेळा आणि मुदत लिहिलेली असते. दोनच गोष्टी तपासा. दाराशी लावलेला शुल्काचा फलक करारातल्या आकड्याशी जुळतो का, आणि मुदत संपली का. मुदत संपूनही 'आपलंच आहे' म्हणत वर्षानुवर्षं चालणाऱ्या व्यायामशाळा कोणत्याही शहरात सापडतात.

त्यापेक्षा अवघड प्रश्न हा की आत कोण येत नाही. आमच्या मैदानावर संध्याकाळी पाच ते सात फक्त मुलांचं क्रिकेट चालतं. मुली कडेने चालतात. नियम तसा नाही, सवय तशी आहे. शाळेतल्या बाईंनी आठवड्यातले दोन दिवस अर्धं मैदान खो-खोसाठी मागितलं, लेखी मागितलं, म्हणून मिळालं. तसंच दुपारचं कुलूप. बागा सकाळ-संध्याकाळ उघड्या आणि दुपारी बंद ठेवायची पद्धत आहे. सावलीची खरी गरज असते ती मात्र दुपारी, डिलिव्हरीवाल्या पोरांना, घरकाम करणाऱ्या बायकांना. वेळ वाढवायला पैसा फारसा लागत नाही, एका पहारेकऱ्याची पाळी लागते. तरी सकाळी फिरायला येणारे आमच्यासारखेच लोक याला विरोध करतात, हे कबूल केलं पाहिजे.

'दत्तक' हा गोड शब्द आला की सावध व्हा. मुंबईत महापालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मोकळ्या जागा दत्तक देण्याचं धोरण मंजूर केलं. नागरिकांच्या विरोधानंतर त्याला स्थगिती मिळाली आणि आधीच दिलेले २१६ भूखंड परत घेण्याचं ठरलं. सगळेच दत्तक घेणारे वाईट नव्हते. ओव्हल मैदान रहिवाशांनीच झगडून सावरलं. पण करारात प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना, बांधकाम नाही, मुदत ठराविक, या तीन गोष्टी नसतील तर हरकत नोंदवा.

पत्र आणि पायऱ्या

एका पत्रात एकच गोष्ट. वर आरक्षण क्रमांक, मग अट किंवा कागदाचा संदर्भ, मग जागेवरची स्थिती तारखेसह, मग नेमकी मागणी. शक्यतो एका पानात. आवक-जावक कक्षात दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय हलायचं नाही.

सुरुवात निरीक्षकापासून, मग अधीक्षक, मग क्षेत्रीय कार्यालयाचे सहायक आयुक्त. खालचा टप्पा सोडून थेट आयुक्तांना लिहिलं तर पत्र फिरून निरीक्षकाकडेच येतं, आणि तो दुखावलेला असतो. मग तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन आहे, 'आपले सरकार' हे राज्य शासनाचं तक्रारीचं संकेतस्थळ आहे. तक्रार 'निराकरण झाले' म्हणून खोटी बंद झाली असेल तर ती कोणत्या पाहणी अहवालावरून बंद केली त्याची प्रत मागा. अहवाल बहुधा नसतोच, आणि मग तक्रार आपोआप पुन्हा उघडते.

प्रभाग समिती विसरू नका. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे तिच्यावर नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी किंवा वस्ती पातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. या जागांवर कोण आहे, की त्या रिकाम्याच आहेत, हे विचारा. २०२२ मध्ये मुदती संपल्यावर अनेक महापालिकांवर दीर्घकाळ प्रशासक होते. तेव्हा सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं आणि सोमवारचे दोन तास हीच एक खिडकी उरली होती.

झाडांचं वेगळं. बागेतलं झाड तोडायलाही १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते आणि झाडावर नोटीस लावावी लागते. नोटिशीचा फोटो त्याच दिवशी काढा. हरकतीची मुदत थोडी असते आणि कागद पावसात विरघळतो. 'छाटणी' म्हणून बुंध्यापर्यंत तासलेलं झाड दिसलं तर परवानगीचं पत्र तिथल्या तिथे दाखवायला सांगा.

नगरपरिषदेच्या गावात हेच सगळं मुख्याधिकाऱ्यांपाशी येऊन थांबतं आणि एका अर्थी सोपं असतं, कारण फाईल, अभियंता आणि ठेकेदार एकाच जिन्यावर भेटतात.

आमच्या झोपाळ्याची तीन वर्षं येत्या मार्चमध्ये संपतात. आत्ताच एका साखळीची कडी घासून निम्मी झाली आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी पत्र द्यायचं ठरलं आहे. काका म्हणतात, जानेवारीतच देऊ.